भोंगा रस्त्याकडे

खापर, ता. अक्कलकुवा
१२ नोव्हेंबर १९६३

चि. प्रेमचंदास चुनीलालचा आशीर्वाद.

दिवाळीतच लिहायला बसलो होतो, पण शेवेच्या गिऱ्हाइकीतून हात सुटला नाही आणि नंतर सणाचा शीण. तू तब्येतीने ठीक असशील असं धरून चालतो. इकडे जेवढे उरलोत तेवढे ठीक आहोत. म्हणजे मी आणि उखा. उखाचे गुडघे गेले, तरी भजी अजून तोच तळतो आणि तोंडाने तर भज्यांपेक्षा जास्त तडतडतो. त्याच्यामुळे हॉटेल चाललंय. मला चहाशिवाय काय येतं, तुला ठाऊकच आहे.

आता कामाचं. एस.टी. थांबते त्या वडाखाली जालमसिंगनं नवं हॉटेल टाकलं आणि त्यात बॅटरीचा रेडिओ आणून ठेवला. दिवस उगवल्यापासून तो बोंबलत असतो म्हणे. आपली गिऱ्हाइकं आपल्याच दारावरून मान वळवून तिकडे जातात. धुडकू शिंपी वीस वर्षं माझ्या हातचा चहा प्यायला, तोसुद्धा परवा तिकडच्या बाकावर पाय हलवत बसलेला दिसला. पाय हलवत, बरं का! माझ्या चहानं त्याचा पाय कधी हलला नव्हता. उखानं मला गल्ल्यावरून उठवून ते दाखवलं आणि म्हणाला, "नाना, हाई हाटेल शे का मसनवट? काहीतरी वाजाडा ना. बठी दुन्या त्या रेडूकडे जाई ऱ्हायनी."

म्हणून माळ्यावरून तुझा फोनो खाली काढला. तू गेलास तसा गोणपाटात बांधून ठेवला होता. भोंग्याला एका ठिकाणी पोचा आलाय, बाकी सगळं जागच्या जागी आहे. चावी आहे. सुयांची डबी आहे. तबकड्या एक्केचाळीस निघाल्या, त्यातल्या दोन तडकलेल्या.

पण वाजवू काय? हे तुलाच विचारायला पत्र लिहितो आहे. तू होतास तेव्हा मला कधी विचार करावा लागला नाही. सकाळच्या गाडीच्या वेळी तू भजन लावायचास, कारण प्रवासाला निघालेला माणूस देवाला धरून असतो. सागबाऱ्याकडची माणसं आली की गरबा. आता राज्यं दोन झाली, पण ती माणसं अजून आपल्याच बाजाराला येतात. डोंगरातली माणसं बसली की तू नुसती सनई लावायचास, शब्दांवाचून. "नाना, गाणं गिऱ्हाइकाच्या पाठीमागे बसलं पाहिजे, त्याच्या मांडीवर नाही," हे तुझं बोलणं मी अजून लोकांना सांगतो. दुपारी सिनेमाचं लावायचास ते कोणतं, आणि भजी खाताना लोक दुसरी बशी मागायचे ते कोणत्या तबकडीवर, एवढं लिहून पाठव. मी तबकड्यांवरची नावं वाचून तीन ढीग केले आहेत, पण नाव वाचून काय समजतं? गाण्यातलं मला कधीच फारसं कळत नव्हतं.

हॉटेलात फरक काही नाही. बाक तेच, आणि बोटं दाखवून चहा मागायची पद्धतही तीच. एक बोट एक कप, वाकडं बोट म्हणजे अर्धा. तुझ्या आक्कानं पाडलेली पद्धत मी मोडलेली नाही. नवीन माणसं हसतात. आपण सांगतो, डोंगरातल्या लोकांना आपली बोली येत नाही म्हणून ही सोय.

प्रेमचंद, साडेपाच वर्षं झाली. सुरतेहून खापर काही विलायतेत नाही. मूळद गावच्या लग्नात बँड सुरू झाला आणि तू अक्षता न टाकता मांडवातून उठून गेलास, हे मला कळलं. लग्नात वाजंत्री लागते म्हणून स्वतःचं लग्नच करत नाहीस, असंही लोक म्हणतात. मिलमध्ये लूमच्या खडखडाटात बरं वाटतं, असं तू कुणाला तरी बोललास. हे काय बोलणं झालं? आम्हाला मूलबाळ नाही. तुला आक्कानं पाठच्या भावासारखं नाही, पोरासारखं वाढवलं. आणि जाताना ती काय म्हणाली, ते मी तुला तेव्हाच सांगितलं आहे. "प्रेमचंदला दोष देऊ नका." हे तिचे शेवटचे शब्द. मग तू स्वतःला का देतोस?

तबकड्यांचं तेवढं लवकर कळव. जालमसिंग दात काढून हसतो आहे.

तुझा
नाना


खापर
९ डिसेंबर १९६३

चि. प्रेमचंदास आशीर्वाद.

तुझं कार्ड आलं. मी एवढी दोन पानं भरून विचारलं आणि तू एकच ओळ लिहिलीस. "नाना, काहीही लावा, पण भोंगा रस्त्याकडे ठेवा, आत वळवू नका."

मी ते कार्ड गल्ल्यात ठेवलं आहे. चिल्लर काढताना रोज हाताला लागतं.

भोंगा रस्त्याकडेच ठेवला. तबकड्या मीच निवडल्या. निवडायची माझी रीत सांगतो, हस. तबकडी लावायची आणि बाकाखाली बघायचं. पाय हलले तर ती डावीकडच्या ढिगात, नाही हलले तर उजवीकडच्या. धुडकू परत आला. त्याचे पाय चार तबकड्यांवर हलतात, तेव्हा त्या चार आता दुपारच्या. एका तबकडीवर दोन बायकांनी पदर डोळ्यांना लावला, ती बंद केली. लोक डोळे पुसायला लागले तर भजी कोण खाईल? पहिले दहा दिवस बरे गेले. बाजारच्या दिवशी तर बाक पुरले नाहीत. मला वाटलं, जमलं आपल्याला. म्हाताऱ्या माणसाला एवढं वाटायला काय हरकत आहे?

परवाच्या बाजारी मणिबेलीकडचा फत्तेसिंग आला. तुला आठवेल, डिंक आणि चारोळी घेऊन यायचा, तुझ्या सनईला तासभर बसायचा. मी मुद्दाम त्याच्यासाठी सनईची तबकडी शोधून लावली. चावी पुरी भरली. तबकडी फिरायला लागली आणि मी गल्ल्यावर बसून बोटांनी ठेका धरला, मान डोलावली, त्याच्याकडे बघून हसलो. हॉटेलवाल्यानं एवढं करायला पाहिजे, नाही का?

फत्तेसिंग हसला नाही. तो माझ्याकडे बघत राहिला. मग हळूहळू सगळं हॉटेल माझ्याकडे बघायला लागलं. धुडकूनं तोंडावर हात धरला होता. फत्तेसिंग उठून फोनोजवळ गेला आणि त्यानं सुईचा दांडा बोटाने उचलून मला दाखवला. दांड्यात सुई नव्हती. मी सुई बसवायलाच विसरलो होतो. तबकडी नुसती फिरत होती आणि मी मुक्या तबकडीवर मान डोलावत होतो.

फत्तेसिंगनं सुई घातली नाही. परत येऊन त्यानं माझ्या हातावर हात ठेवला, एक बोट दाखवलं आणि खाली बसला. मी त्याला चहा दिला.

दुकान रिकामं झाल्यावर उखा चुलीवरून उठून आला. माझ्यासमोर अगदी तोंडाजवळ तोंड आणून, एकेक शब्द सुटा करून त्यानं विचारलं, "नाना, खरं सांगा. तुमले आयकू येस का?"

मी म्हटलं, या कानानं थोडं कमी येतं, वय झालं.

तो म्हणाला, "आन त्या दिनले? त्या दिनले बी नही?"

मी कपबश्या विसळायला घेतल्या. तेव्हापासून उखा माझ्याशी बोलत नाही. बोलला तरी मला किती कळणार, हे खरंच. पण त्याचं तोंड बंद दिसतं आणि ते बघवत नाही.

थंडी यंदा जास्त आहे. जपून राहा.

नाना


खापर
१६ फेब्रुवारी १९६४

प्रेमचंद,

आशीर्वाद लिहायला हात उचलत नाही, म्हणून तसाच सुरू करतो.

उखा काल त्याच्या लेकीकडे लोणखेड्याला निघून गेला, कायमचा. जाताना पाटीवर खडूनं लिहून घेतलं धुडकूकडून आणि ती पाटी माझ्यासमोर धरली. "तुम्ही होळीच्या आत प्रेमचंदले सांगा. नहीतर मी सुरतले जास." तेवढ्या गुडघ्यांनी तो सुरतेला जाईल, मी त्याला ओळखतो. पण त्याच्या धाकानं लिहितो आहे असं समजू नकोस. म्हणजे समज, तेही खरंच आहे. त्यानं धाक घातला नसता तर मी लिहिलं नसतं.

माझे कान त्या दिवसाच्या आधी दोन वर्षांपासून जात होते. समोरच्याचे ओठ बघून मी बरंचसं ओळखायचो. फक्त तुझ्या आक्काला माहीत होतं. लोकांना कळलं तर बहिऱ्याचं हॉटेल म्हणून चेष्टा करतील, मागितलं एक आणि दिलं दुसरं म्हणून भांडतील, ही भीती माझी होती, तिची नव्हती. तिनं माझी लाज झाकली. बोटं दाखवायची पद्धत डोंगरातल्या लोकांसाठी नव्हती रे. माझ्यासाठी होती. आणि ती दोरी! चुलीपासून मधल्या फळ्यांच्या भिंतीतल्या भोकातून गल्ल्यापर्यंत आलेली दोरी तिनं माझ्या पायाच्या घोट्याला बांधली होती. एक ओढ म्हणजे चहा झाला, दोन म्हणजे भजी न्या. तू आणि उखा हसायचात. "नानाले बायकोनी दोरीघाई बांधी ठेयेल शे." मीही हसायचो. त्या दोरीवर माझं सगळं चाललं होतं.

त्या दिवशी होळीआधीचा भोंगऱ्या बाजार होता. दुपारच्या गाडीचा कंडक्टर दोरी बघून म्हणाला असावा काहीतरी, कारण त्याच्याबरोबरचे चार जण माझ्या पायाकडे बघून हसले. दोन बायकाही हसल्या. मला राग आला. मी दोरी घोट्यातून सोडली आणि मागच्या भिंतीतल्या खुंटीला अडकवली. आता बैलासारखा बांधून राहणार नाही, असं मनाशी म्हटलं. आक्काला सांगितलं नाही.

मग बाजार ढोलांकडे गेला आणि हॉटेल रिकामं झालं. आक्का आतून तुला म्हणाली होती, "प्रेम्या, तो भोंगा इकडे फिराव. मी काय दिनभर भजासनाच चरचराट आयकू का?" हे तूच मला नंतर रडत सांगितलंस, म्हणून मला माहीत. तू भोंगा आतल्या बाजूला वळवलास, चावी भरलीस, तबकडी लावलीस आणि नव्या तबकड्यांचं पार्सल आणायला गाडीवर गेलास. उखा नदीवर पाण्याला गेला होता. मधलं दार, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत धूर जातो म्हणून, मी माझ्या बाजूनं कडी घालून लावलेलं होतं, आणि चुलीच्या खोलीला दुसरं दार नव्हतं. मी दाराकडे पाठ करून बशा रचत बसलो.

तुझ्या तबकडीचं गाणं किती वेळ चालतं, तुला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. तीन मिनिटं, साडेतीन. आत आक्काचा पदर चुलीवर पेटला. उखा मागच्या अंगणातून ओरडत आला, त्यानं मला धरून फिरवलं, तेव्हा मी आधी काय पाहिलं ते आज सांगतो. मी फोनो पाहिला. तबकडी थांबलेली होती. सुई पार आतल्या कागदापाशी जाऊन टेकली होती आणि चावी उतरून गेली होती. गाणं केव्हाचं संपलं होतं. चावी उतरायला किती वेळ लागतो, तेही तुला ठाऊक आहे. हॉटेलात काहीही वाजत नव्हतं, प्रेमचंद. एवढी शांतता होती की कुणीही तिची हाक ऐकली असती. कुणीही म्हणजे ज्याला कान आहेत असा कुणीही.

आणि मग मी भिंत पाहिली. खुंटी नव्हती. मातीसकट उपटून ती जमिनीवर पडली होती आणि दोरी फळीच्या भोकापर्यंत ताठ ओढलेली होती.

तिनं हाक मारली, मग दोरी ओढली. माझ्या पाठीमागे हातभर अंतरावर खुंटी पडली आणि मी बशा रचत होतो.

उखानं विचारलं, नाना, तुम्हाला ऐकू नाही आलं का? माझ्या तोंडून निघालं, "फोनो चालू होता." एवढंच मी बोललो. पुढचं सगळं लोकांनी केलं. भोंगा आत वळवलेला त्यांनी बघितला आणि तो कुणी वळवला ते तू स्वतःच सांगितलंस. पार्सल तुझ्या काखेत होतं. तू ते तसंच भिंतीवर आपटलंस. मी तेव्हा बोलू शकलो असतो. तेव्हा, दुसऱ्या दिवशी, दहाव्याला, तू पिशवी घेऊन सुरतेची गाडी धरलीस तेव्हा. नाही बोललो. लोक म्हणाले असते, बहिरा होता तर बायकोला आत कोंडून बसला कशाला? आणि ते बरोबरच म्हणाले असते.

अजून एक राहिलं आहे. तेच मला लिहवत नाही.

बैलगाडीत तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. उखा गाडी हाकत होता आणि तू डॉक्टरला सांगायला सायकलवर पुढे गेला होतास. अक्कलकुवा यायच्या अलीकडे तिनं डोळे उघडले आणि ती माझ्याशी बोलली. ओठ हलताना मी पाहिले, पण सुजलेल्या ओठांवरून शब्द ओळखता येईनात. सावकाश, खूप वेळ बोलली. मी वाकून कान तोंडाशी नेला, नुसता श्वास लागला. मला काही ऐकू आलं नाही. मी मान हलवली. हो हो म्हटलं. ती गप्प झाली आणि दवाखाना येण्याआधी गेली.

ती काय म्हणाली, मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. उखाच्या कानात चाकांचा आवाज होता.

तू दवाखान्याच्या दारात येऊन विचारलंस, "आक्का काय बोलली?" तेव्हा मी तुला म्हटलं, प्रेमचंदला दोष देऊ नका म्हणाली. मला तेव्हा वाटलं मी तुझ्यावर माया करतो आहे. पण ज्याला दोष देऊ नका म्हणावं लागतं, त्याचा दोष असतोच. ते मी तुझ्या गळ्यात बांधलं आणि तिच्या नावानं बांधलं. त्या पत्रात मी तेच पुन्हा लिहिलं, नोव्हेंबरात. तू लग्न केलं नाहीस, वाजंत्री ऐकली की मांडव सोडतोस, लूमच्या खडखडाटात जाऊन बसतोस, हे सगळं मला कळत होतं आणि मी तुला विचारत होतो की दुपारी कोणती तबकडी लावू.

भोंगा आत वळवलास म्हणून काही झालं नाही. तिला गाणं ऐकायचं होतं, तू ऐकवलंस. तिनं ऐकलेलं ते शेवटचं. त्यात तुझं काही चुकलं नाही. चुकलं ते माझं, आणि ते आता कुणाला दुरुस्त करता येत नाही. तुझी सहा वर्षं मी कुठून आणून देऊ?

फोनो परत गोणपाटात बांधला आहे. हॉटेल होळीनंतर बंद करतो. धुडकू तसाही जालमसिंगकडे गेला. उखा नाही, तर चुलीवर कोण बसेल? फत्तेसिंग मात्र परवा आला होता, एक बोट दाखवून. आम्ही दोघं कितीतरी वेळ बसलो, काही वाजवलं नाही.

सवय म्हणून मी दोरी पुन्हा घोट्याला बांधून बसतो. दुसरं टोक चुलीपाशी पडलेलं असतं.

तू क्षमा कर असं मी लिहिणार नाही. तू येणार नाहीस, असंच मी धरलं आहे. पण चुकून कधी आलास, तर रस्त्यावरून नाना म्हणून हाक मारू नकोस, मी ओ देणार नाही आणि तुला वाटेल मुद्दाम देत नाही. सरळ आत ये आणि माझ्यासमोर उभा राहा.

तुझ्या आक्काचा नवरा
चुनीलाल